सायगॉनच्या गल्लीतला दस्तरखान

व्हिएतनामला जाऊन आलो असं सांगितलं की आपल्या घरांतून पहिला प्रश्न एकच येतो, "तिथं खाल्लंत काय?" समुद्र कसा होता, हॉटेल कसं होतं, खर्च किती आला, हे सगळं नंतर. प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या देशात जागोजागी कोळशावर डुकराचं मांस भाजलं जातं, तिथं मुसलमान कुटुंबानं आठ दिवस काढायचे म्हणजे जेवणाची सोय आधी पाहायला हवी. म्हणून संग्रहालयं, बोगदे आणि समुद्रकिनारे बाजूला ठेवून मी इथं फक्त जेवणाबद्दल लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझे मिस्टर, नववीत शिकणारी आमची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. त्यांना सगळं घर अम्मा म्हणतं. मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान आहे. या शहराचं जुनं नाव सायगॉन. १९७६ साली ते अधिकृतपणे बदललं, पण तिथले लोक बोलताना आजही सायगॉनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

अम्मांना मधुमेह आहे. त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि खाकरे, टोस्ट, चणे, खजूर असा शिधाच जास्त होता. "मी बाहेरचं काही खाणार नाही, तुम्ही तुमचं बघा," असं त्यांनी घरातूनच जाहीर केलं होतं. पहिले दोन दिवस त्यांनी ते पाळलंही. पण मधुमेहाच्या माणसाला वेळेवर पोटभर जेवण लागतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हाताला कंप सुटला. साखर खाली आली होती. दोन खजूर खाल्ल्यावर त्या सावरल्या, पण त्यांना गरम, ताजं आणि हलाल जेवण मिळाल्याशिवाय पुढचे दिवस निघणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलं.

बुटक्या स्टुलांवरचं जेवण

सायगॉनमध्ये लोक घरात कमी आणि रस्त्यावर जास्त जेवतात की काय, असं वाटावं इतकी खाण्याची ठिकाणं आहेत. साध्या ठिकाणाला तिथं 'क्वान' म्हणतात. आपल्याकडची खानावळ म्हणा, पण त्याहून मोकळी. घराचा पुढचा भाग सगळा उघडा, फुटपाथवर गुडघ्याएवढी प्लॅस्टिकची स्टुलं, तेवढीच बुटकी टेबलं, आणि एका कोपऱ्यात वाफाळणारं भलंमोठं पातेलं. बऱ्याच क्वानांत एकदोनच पदार्थ असतात आणि त्यांचं नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. मेनूकार्ड शोधायचं नाही. बसायचं आणि बोटांनी किती वाट्या ते दाखवायचं.

बसल्याबरोबर समोर हिरव्या पाल्याची थाळी येते. तुळशीच्या जातीचा जांभळ्या देठाचा सुवासिक पाला, लांब कातरलेल्या पानांची कोथिंबिरीच्या वासाची भाजी, पुदिना, मोड आलेले मूग, लिंबाच्या फोडी आणि लाल मिरचीचे काप. हा पाला शोभेसाठी नसतो. तो हातानं तोडून आपापल्या वाटीत घालायचा असतो. स्वयंपाक करणाऱ्याचं काम अर्धंच, उरलेलं अर्धं जेवणारा करतो. शेजारी बर्फ घातलेला पातळ चहा मिळतो, तो फुकट किंवा अगदी नाममात्र दरात.

लिपी आपल्याला ओळखीची वाटते, कारण अक्षरं रोमन आहेत. वर खाली असलेल्या टिंबा-रेघांनी मात्र फसायला होतं. व्हिएतनामी भाषेत सहा सूर आहेत. एकच 'मा' सूर बदलून म्हटला तर भूत, आई, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप असे सहा अर्थ होतात. वर्गात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकून आपली मुलं किती सुखी आहेत असं वाटलं. मिस्टरांना एका पाटीवर 'चाय' असं वाचता आलं तेव्हा ते खूश होऊन आत गेले आणि टोफूची वाटी घेऊन बाहेर आले. तिथं 'चाय' म्हणजे शाकाहारी. चहाला म्हणतात 'ट्रा'.

"अम्मी, विचारायलाच हवं का?"

या क्वानांसमोरून जाताना खरी अडचण कळते. व्हिएतनामी स्वयंपाकात डुकराचं मांस हा वेगळा ताटातला पदार्थ नाही, ते सगळीकडे मुरलेलं आहे. नुसतं 'थित' म्हणजे मांस असं म्हटलं तरी ऐकणारा बहुधा डुकराचंच समजतो. गाईचं हवं तर 'थित बो' म्हणावं लागतं, कोंबडीचं हवं तर 'थित गा'. 'मांस नको' म्हटलं तर वरचे तुकडे काढून देतात, पण खालचा रस्सा हाडांचाच असतो. 'बान मी' नावाचा पाव फ्रेंचांनी आणला. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, पाहताच खावासा वाटणारा. पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या काळजाचं वाटण आधीच लावलेलं असतं. त्यामुळे नुसतं वरवर पाहून चालत नाही, विचारावंच लागतं.

आणि विचारण्याचाच आमच्या मुलीला संकोच वाटत होता. पहिल्या दिवशी बेन थान बाजाराजवळच्या एका क्वानात मी मोबाइलवर वाक्य टाइप करून दाखवलं. मालकीणबाईंनी ते वाचून दुसऱ्या बाईला बोलावलं, तिनं तिसऱ्याला. शेजारच्या टेबलावरचे चार जण मान वळवून पाहू लागले. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "अम्मी, जाऊ दे ना. सगळे बघतायत. प्रत्येक ठिकाणी विचारायलाच हवं का?"

चौदा वर्षांच्या मुलीच्या या प्रश्नामागे काय असतं ते मला माहीत आहे. शाळेच्या सहलीत डबा उघडताना, मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक कापताना, हॉटेलात ऑर्डर देताना दर वेळी आपणच वेगळे का ठरायचं, हा तो प्रश्न असतो. मी तेव्हा तिला व्याख्यान दिलं नाही. या वयात व्याख्यान कानावरून जातं. तिला एवढंच म्हटलं, "त्या बाईंचा चेहरा बघ. त्या रागावल्यात का?" रागावल्या नव्हत्या. उलट मान हलवून, हातानं 'नाही, तुमच्यासाठी नाही' असं सांगून त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं, तिथं 'चाय'ची पाटी होती.

नंतर कळलं की तिथल्या लोकांना हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका परका नाही. अनेक बौद्ध कुटुंबं चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. त्या दिवशी 'चाय'च्या क्वानांत गर्दी असते. धर्मासाठी माणूस एखादी वस्तू ताटातून वगळतो, ही गोष्ट त्यांच्या घरातही घडते. त्यांना माहीत नसतो तो फक्त 'हलाल' हा शब्द.

डोंग यू रस्त्यावरची मशीद

तिसऱ्या दिवशी अम्मांना घेऊन आम्ही थेट मशीद गाठली. शहराच्या अगदी मध्यभागी, डोंग यू रस्त्यावर, उंच उंच हॉटेलांच्या मधोमध एक पांढरी-निळसर टुमदार मशीद आहे. चार मिनार, कमानींची ओसरी आणि समोर दगडी अंगण. बाहेर स्कूटरींचा महापूर आणि आत एकदम शांतता. ही मशीद १९३५ साली दक्षिण भारतातून गेलेल्या मुसलमानांनी बांधली. फ्रेंचांच्या काळात पाँडिचेरी आणि कारैकल ही गावं फ्रान्सच्या ताब्यात होती, तसाच व्हिएतनामही. त्यामुळे तिथले तमिळ मुसलमान व्यापारी कापडाच्या निमित्तानं सायगॉनला जात, राहत, घरं करत. १९७५ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक जण देश सोडून गेले. मशीद राहिली, आणि त्यांचा आणखी एक ठेवा राहिला. तो म्हणजे 'का री'.

हो, आपली करीच. सायगॉनमध्ये आज घरोघरी का री शिजते. हळदीचा पिवळा रस्सा, नारळाचं दूध, गवती चहाच्या काड्या, रताळ्याचे तुकडे आणि कोंबडी किंवा बोकडाचं मटण. भाताऐवजी ती बहुतेक वेळा पावाबरोबर खातात. बांधणारे निघून गेले तरी त्यांच्या पातेल्यातला वास शहरानं ठेवून घेतला.

मशिदीत जोहर अदा करून बाहेर आलो तेव्हा अंगणात एक वृद्ध गृहस्थ भेटले. डोक्यावर पांढरी टोपी, चेहऱ्याची ठेवण पूर्णपणे तिथलीच. सलाम झाला. अम्मांकडे पाहून त्यांनी काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण हात पोटाकडे नेला तेव्हा अर्थ कळला. जवळपास पर्यटकांसाठी हलाल उपाहारगृहं आहेत, बेन थान बाजाराच्या बाजूलाही आहेत, पण त्यांनी आमच्या टॅक्सीवाल्याला समजावून एक वेगळाच पत्ता दिला.

आठव्या जिल्ह्यातली गल्ली

सायगॉनचे जिल्हे क्रमांकानं ओळखले जात. २०२५ साली ही रचना बदलली, तरी लोक अजून 'आठवा जिल्हा' असंच म्हणतात. कालव्यापलीकडचा हा कष्टकऱ्यांचा भाग. इथं 'जामिउल अन्वर' नावाची मोठी मशीद आहे आणि तिच्या आजूबाजूच्या गल्लीत चाम मुसलमानांची वस्ती आहे. टॅक्सीतून उतरलो आणि अम्मा थांबूनच राहिल्या. गल्लीत ओढणी घेतलेल्या बाया भाजी निवडत बसल्या होत्या, टोप्या घातलेली मुलं सिपारा छातीशी धरून मदरशातून येत होती, आणि पहिल्याच घरातून "अस्सलामु अलैकुम" आलं. अम्मांनी मोठ्यानं सलामाचं उत्तर दिलं आणि मला म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच मोहल्ल्यासारखं आहे."

क्वान म्हणजे एका घराची पुढची खोली. पाच स्टीलची टेबलं, निळी स्टुलं, भिंतीवर काबाशरीफचं चित्र आणि बाजूला शाळेचं वेळापत्रक. चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या. त्यांची मुलगी दहावीत, शाळा सुटली की आईला हात लावते. तिला शाळेत शिकलेलं इंग्रजी येत होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं दुभाषेपण तिनं आणि आमच्या मुलीनं वाटून घेतलं.

व्हिएतनाममध्ये 'तुम्ही' आणि 'मी' यांना नाती लावूनच बोलतात. मोठी बहीण ती 'ची', धाकटं भावंड ते 'एम', आजी ती 'बा'. वय कळल्याशिवाय वाक्यच पुढे सरकत नाही. म्हणून बाईंनी आधी माझं वय विचारलं. मी दोन वर्षांनी मोठी निघाले, तशी मी त्यांची 'ची' झाले. म्हणजे आपाच की. अम्मा अर्थातच सगळ्या गल्लीच्या 'बा' झाल्या.

वाटीत काय असतं

आधी आला तो 'फो'. उच्चार 'फ' आणि 'फो' यांच्या मधला कुठला तरी आहे, आम्हाला शेवटपर्यंत जमला नाही. तांदळाच्या रुंद, मऊ शेवया, वर मांसाचे पातळ काप, कांद्याची पात, आणि त्यावर ओतलेला उकळता, आरपार दिसणारा रस्सा. दिसायला इतका साधा की आजारी माणसाचं जेवण वाटावं. पण त्या रश्श्यासाठी हाडं कित्येक तास मंद आचेवर शिजत असतात. कांदा आणि आलं आधी विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून घेतात, मग पातेल्यात टाकतात. मसाल्याची पुरचुंडी बाईंनी उघडून दाखवली तेव्हा अम्मांचे डोळे चमकले. दालचिनी, लवंग, बडी इलायची, धने आणि चक्रफूल. सगळा आपल्या बिर्याणीचा डबा! फक्त तिखट नाही, आणि तेलाचा तवंग नाही.

चक्रफुलाची तर गंमतच आहे. ते व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनच्या सीमेजवळ लांग सोनच्या डोंगरांत पिकतं आणि त्याचा मोठा गिऱ्हाईक भारत आहे. आपण ईदच्या बिर्याणीत जे चक्रफूल टाकतो त्यातलं बरंचसं याच देशातून येतं. आपल्याला ते मुगलाई वाटतं, त्यांना ते फोचं वाटतं, आणि झाड मात्र एकच.

फो फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि नाम दिन्हच्या भागात तो रूढ झाला. त्याआधी तिथं बैल नांगराला लागत, खाण्यासाठी फारसे कापत नसत. फ्रेंचांमुळे गोमांसाची मागणी वाढली, हाडं स्वस्तात मिळू लागली आणि फेरीवाल्यांनी त्यांचा रस्सा केला. पुढे १९५४ साली देशाची फाळणी झाली. लाखो माणसं उत्तरेकडून दक्षिणेत आली आणि त्यांच्याबरोबर फो सायगॉनला आला. दक्षिणेनं त्याला आपलं केलं, पाल्याची थाळी मोठी केली, थोडं गोड घातलं. म्हणजे आज जो पदार्थ साऱ्या जगात 'व्हिएतनामी' म्हणून ओळखला जातो, तो स्वतःच दोन वेळा माणसांबरोबर वाट बदलून आलेला आहे.

अम्मांनी कोंबडीचा फो घेतला. काड्या बाजूला ठेवून चमचा मागितला, बिस्मिल्लाह म्हणून पहिला घोट घेतला आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. वाटी संपत आली तेव्हा म्हणाल्या, "तीन दिवसांनी पोटात काहीतरी गेल्यासारखं वाटलं." रश्श्यात तूप-तेल नाही, मिरची नाही, बरोबर इतका हिरवा पाला. शेवया मात्र मी मोजून अर्ध्याच ठेवायला सांगितल्या होत्या, कारण तांदूळ शेवटी तांदूळच.

मग आला 'बान सेओ'. हे मी लांबूनच ओळखलं. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, तापलेल्या तव्यावर पातळ पसरलेलं. आपलं घावनच! 'सेओ' म्हणजे पीठ तव्यावर पडताना होणारा आवाज. आपण त्याला चर्र म्हणतो, ते सेओ म्हणतात. एरवी यात डुकराचं मांस असतं. इथं कोळंबी आणि मोड आलेले मूग होते. घावनाचा तुकडा मोडायचा, कोशिंबिरीच्या मोठ्या पानात पाल्यासकट गुंडाळायचा आणि पातळ चटणीत बुडवून खायचा.

ती चटणी म्हणजे 'नुअक माम', तिथल्या स्वयंपाकाचं मीठच म्हणा. छोटे मासे आणि मीठ लाकडी पिपांत सुमारे वर्षभर मुरवतात आणि खाली झिरपणारं तांबूस पाणी गाळून घेतात. फू क्वोक बेटाचं नुअक माम नावाजलेलं आहे. त्यात लिंबू, साखर, पाणी, लसूण, मिरची घातली की चटणी तयार. अनेक परदेशी लोकांना त्याचा वास सोसत नाही. अम्मांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "खाऱ्या मासळीची बरणी उघडल्यासारखं वाटतंय." पावसाळ्यासाठी सुकट आणि खारी मासळी भरून ठेवणाऱ्या दापोलीच्या बाईला तो वास परका कसा वाटावा?

शेवटी बाईंनी न मागता एक लहान थाळी आणून ठेवली. मनुका घालून शिजवलेला सुवासिक भात, त्याला 'कोम नी' म्हणतात, आणि बरोबर नारळाच्या दुधातली घट्ट गोमांसाची करी, 'का पुआ'. हे चाम मुसलमानांच्या घरचं दावतीचं जेवण. भाताची चव पुलावाच्या जवळची, करीची आमच्या कोकणातल्या सालनाच्या जवळची. अम्मांनी स्टूल पुढे ओढलं, हात धुतला आणि भात हातानं कालवून खाल्ला. गल्लीतल्या दोघी-तिघी दारात येऊन कौतुकानं बघत होत्या.

चौघांचं बिल तीन लाख डोंग झालं. आकडा ऐकून मिस्टरांचा चेहरा उतरला. हिशोब केला तर आपले साधारण हजार रुपये.

दोन किनारे

चाम हे व्हिएतनाममधले जुने लोक. देशाच्या मध्य किनाऱ्यावर चंपा नावाचं त्यांचं राज्य हजाराहून अधिक वर्षं होतं. मी सोन इथली त्यांनी बांधलेली शिवमंदिरं १९९९पासून जागतिक वारसा यादीत आहेत. समुद्रातून येणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम त्यांच्यापर्यंत पोहोचला. १४७१ साली उत्तरेच्या सैन्यानं त्यांची विजय ही राजधानी घेतली. पुढच्या काळात अनेक चाम कंबोडियाकडे सरकले, आणि तिथून काही मेकाँग नदीच्या खोऱ्यात, चाऊ डोक गावाच्या आसपास येऊन राहिले. तिकडे नदीकाठी त्यांच्या मशिदी आणि खांबांवर उभी लाकडी घरं आहेत. सायगॉनच्या गल्लीतली कुटुंबं तिथूनच रोजगारासाठी आली. २०१९च्या जनगणनेत देशात चाम लोकांची संख्या सुमारे १ लाख ७९ हजार होती, आणि ते सगळे मुसलमान नाहीत. दहा कोटींच्या देशात ही मूठभर माणसं.

मेकाँगकाठचे चाम मुसलमान शाफई आहेत. आम्ही कोकणी मुसलमानही शाफई. आपल्याकडेही इस्लाम समुद्रावरच्या व्यापाराबरोबर किनाऱ्यावर उतरला. म्हणजे हे दोन किनारे एकाच समुद्री वाटेवरचे. भात, नारळ, मासळी आणि शाफई नमाज, एवढं सारखं असताना परकेपणा किती वेळ टिकणार?

चहा घेताना मी बाईंना विचारलं की इथल्या लोकांना तुमच्याबद्दल काय वाटतं. त्यांच्या मुलीनं उत्तर इंग्रजीत केलं. ओढणी पाहून नवखे लोक विचारतात, "तुम्ही कुठल्या देशाच्या?" त्या हसून सांगतात, "इथल्याच." घरात चाम बोलतात, बाजारात आणि शाळेत व्हिएतनामी, नमाजेत अरबी. तिन्ही त्यांच्याच.

मला हसू आलं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझ्या शेजारी बसणारं कुणी ना कुणी दर वर्षी म्हणतं, "मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो! कुठं शिकलात?" आईच्या मांडीवर, असं मी सांगते. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. दोन्ही मुलींपैकी कुणीही त्याचा अनुवाद केला नाही. गरजही नव्हती.

आमच्या मुलीचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. क्वानात आमच्याशिवाय सहा-सात गिऱ्हाइकं होती आणि त्यातले बहुतेक मुसलमान नव्हते. ऑफिसातून आलेले दोन तरुण, एक म्हातारं जोडपं, एक टॅक्सीवाला. एका तरुणानं काहीतरी मागितलं. बाईंच्या मुलीनं मान हलवून दोनच शब्द सांगितले, "खोंग हेओ." म्हणजे डुकराचं नाही. आवाज ना चढा, ना पडका. तो "बरं" म्हणाला, फो मागवला, पोटभर खाऊन गेला. पुढच्या अर्ध्या तासात ती मुलगी हे दोन शब्द आणखी दोनदा बोलली. आमची मुलगी तिच्याकडे टक लावून पाहत होती. मग दप्तरातली वही काढून तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "मला हे लिहून देशील? आणि बोलायला शिकव."

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

'हलाल' हा शब्द सगळीकडे कळेल असं धरून चालू नका. मशिदींच्या आसपास आणि बेन थान बाजाराच्या भागात हलालच्या पाट्या दिसतात. इतर ठिकाणी 'खोंग हेओ' म्हटलं तर डुकराचं मांस टळेल, पण जनावर हलाल पद्धतीनं कापलेलं असेलच असं नाही. म्हणून मांस फक्त मुसलमानांच्या क्वानात खावं, बाकी ठिकाणी मासळी किंवा 'चाय'. मासे आणि कोळंबी मुबलक मिळते. कोळंबीबाबत हनफी उलेमांत मतभेद आहेत, त्यांनी आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवावं. तळण्याचं तेल आणि रस्सा यांची चौकशी वेगळी करावी. बाटलीबंद सॉस असेल तर त्यात काय काय आहे ते वाचावं. अनेक क्वानांत टेबलावर बिअर दिली जाते, तेही ध्यानात ठेवावं.

घरी वयस्कर माणसं किंवा मधुमेही असतील तर राहण्याचं ठिकाण मशिदीजवळ घ्या. नमाज आणि जेवण, दोन्हींची सोय होते. कॉफी जरूर प्या, पण जपून. तिथली कॉफी कडक असते आणि बर्फावर गोड आटवलेल्या दुधासह देतात. फ्रेंचांच्या काळात ताजं दूध मिळायचं नाही म्हणून डब्यातलं दूध घालायची जी सवय लागली, ती आजही कायम आहे. मधुमेह्यांनी बिनदुधाची, बिनसाखरेची मागावी. आणि कुणाच्या क्वानात गेलात तर उठताना 'काम अन' म्हणजे शुक्रिया म्हणायला विसरू नका.

आठव्या जिल्ह्यातल्या त्या गल्लीत आम्ही पुढचे चारही दिवस जेवलो. अम्मांची खाकऱ्यांची पिशवी जवळजवळ तशीच परत आली. परतीच्या दिवशी विमानतळावर वेळ होता आणि मुलीला भूक लागली होती. बान मीच्या काउंटरवर कोंबडीचं चित्र होतं. मी मोबाइल काढेपर्यंत ती पुढे जाऊन उभी राहिली होती. मागे रांगेत दहा-बारा लोक होते. तिनं वही न उघडता स्पष्ट विचारलं, "खोंग हेओ?" काउंटरवरच्या मुलीनं पावाच्या आतल्या वाटणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "को हेओ." म्हणजे आहे. "काम अन, ची," आमची मुलगी हसून म्हणाली आणि आरामात चालत पलीकडच्या फळांच्या काउंटरकडे गेली.